घड्याळाची विद्या आणि विद्यापीठ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घड्याळे बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शिक्षण विद्यापीठात घेता येते का, आणि घ्यावे का, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न: मी यंदा शास्त्र शाखेतून बारावी उत्तीर्ण झालो. सांगलीत आजोबांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे आणि नववीपासून मी संध्याकाळी त्यांच्या शेजारी काम शिकतो. घड्याळ खोलणे, धुणे, तेल देणे, सेल आणि काच बदलणे ही कामे मला येतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला या विषयाची पदवी मिळते असे वाचले. आजोबा विचारतात की जे हाताने शिकायचे ते कॉलेजात कसे शिकवणार? दुकानात मिळत नाही असे तिथे नेमके काय मिळते?

उत्तर: तुम्ही वाचले ते खरे आहे. बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटीचे स्कूल ऑफ ज्वेलरी ही 1890 साली सुरू झालेली संस्था त्या शहराच्या जुन्या सोनार-कारागिरांच्या वस्तीत आहे, आणि तिथे घड्याळशास्त्राचा तीन वर्षांचा बी. ए. ऑनर्स अभ्यासक्रम उभा राहिला. घड्याळाचे शिक्षण जगात इतरत्रही दिले जाते, परंतु ते बहुतेक ठिकाणी कारागिरी शाळेतून किंवा कारखान्यातील उमेदवारीतून मिळते. पूर्ण पदवीच्या रूपाने ते फारच थोड्या ठिकाणी आहे.

आजोबांच्या प्रश्नाचा आम्हाला आदर वाटतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो. दुकानात माणूस आहे ते घड्याळ पुन्हा चालू करायला शिकतो. एखादा भाग झिजला किंवा तुटला तर त्याच जातीच्या जुन्या घड्याळातून तो काढून बसवला जातो, आणि ही पद्धत सुटे भाग मिळतात तोवर उत्तम चालते. एच.एम.टी.चेच उदाहरण घ्या. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूला सुरू झालेले हे उत्पादन 2016 साली बंद करण्याचा निर्णय झाला, आणि तेव्हापासून दुकानदारांच्या खणांतील सुट्या भागांचा साठा फक्त कमीच होत आहे. घड्याळ हातातून पडले की बहुधा बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झुलून चाल राखणाऱ्या चक्राचा, आस मोडतो. त्या आसाची टोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास बारीक असतात. नवा आस बाजारात मिळाला नाही तर दुकानदार हात वर करतो. पूर्ण शिक्षण घेतलेला घड्याळजी पोलादाची सळई लहान लेथवर लावून तो आस कातून काढतो, कडक करतो, टोकांना पॉलिश देतो आणि बसवतो. दुरुस्ती आणि निर्मिती यांच्यातील हे अंतर ओलांडायला शिकवणे, हे अशा पदवीचे मुख्य काम आहे असे आम्ही मानतो.

म्हणूनच अशा शिक्षणाची सुरुवात घड्याळापासून होत नाही, ती कानस, करवत आणि लेथपासून होते. पितळेचा तुकडा सर्व बाजूंनी सपाट आणि काटकोनात घासणे हे ऐकायला क्षुल्लक वाटते. पण ज्याला ते जमत नाही त्याच्या हातून पुढे दंतचक्र नीट होत नाही. विद्यार्थी स्वतःला लागणारी काही हत्यारे स्वतः बनवतात. त्यानंतर आरेखन येते, आणि दुकानात न मिळणारी दुसरी गोष्ट नेमकी इथे आहे. एस्केपमेंटचा, म्हणजे चक्रांची शक्ती ठरावीक हप्त्यांनी सोडणाऱ्या भागाचा, प्रत्येक कोन काढून दाखवता आला पाहिजे. लिव्हर एस्केपमेंट इंग्लंडच्या टॉमस मज यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास योजले, आणि आजोबांच्या टेबलावर येणारे जवळजवळ प्रत्येक चावीचे मनगटी घड्याळ त्याच तत्त्वावर चालते. ते दोन दातांमध्ये किती खोल अडकावे, किती कोनातून ढकलावे, हे कागदावर समजले की बिघाड शोधणे हा अंदाजाचा खेळ राहत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे गणित, आणि बारावी शास्त्राचा तुम्हाला इथे प्रत्यक्ष उपयोग होईल. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाण्यास बरोबर एक सेकंद घेणाऱ्या लोलकाची लांबी सुमारे 99.4 सेंटिमीटर असते. ती एक मिलिमीटरने वाढली तर घड्याळ दिवसाला सुमारे 43 सेकंद मागे पडते. लोलकाची दांडी पोलादी असेल आणि हवा 10 अंशांनी तापली, तर केवळ प्रसरणामुळे दिवसाला सुमारे पाच सेकंदांचा फरक पडतो. हिवाळ्यात लावलेले घड्याळ एप्रिलमध्ये मागे का पडते याचे हे साधे उत्तर आहे. याच अडचणीवर इंग्लिश घड्याळकार जॉन हॅरिसन यांनी पितळ आणि पोलाद यांच्या दांड्या एकाआड एक जोडून मात केली, आणि पुढे शार्ल-एदुआर गियोम यांनी इन्व्हार नावाचा जवळजवळ न प्रसरणारा मिश्रधातू शोधून 1920 सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवले. चांगल्या यांत्रिक घड्याळाची चूक दिवसाला पाच सेकंद असेल, तर 86,400 सेकंदांत पाच, म्हणजे शेकडा 0.006 इतकीच ती असते. आपल्या दुकानातील साध्या टेबलावर किती अचूक यंत्र रोज उघडले जाते याचा अभिमान तुम्हाला वाटायला हवा.

आता आजोबांचे म्हणणे जिथे खरे आहे तेही सांगतो. तीन वर्षांत हाताला वळण लागते, हात मुरत नाही. दुकानात रोज वेगवेगळ्या जातीची, वेगवेगळ्या माणसांनी बिघडवलेली घड्याळे हाताखालून जातात आणि त्यातून जी नजर तयार होते ती कोणत्याही वर्गात मिळत नाही. तुमच्याकडे ती संधी आहे, म्हणून लगेच निघण्याची घाई करू नका. एक वर्ष आजोबांकडे पूर्ण वेळ काम करा आणि प्रत्येक घड्याळाची वही ठेवा: कोणते यंत्र, काय दोष, काय केले, आठ दिवसांनी चाल कशी होती. सोबत जमल्यास जवळच्या आय.टी.आय.त टर्नर किंवा मशिनिस्टचे काम पाहा, एखादी वस्तू स्वतः बनवा, तिची आरेखने आणि छायाचित्रे जपून ठेवा. कला-कारागिरीच्या पदवीला प्रवेश देताना गुणपत्रिकेइतकेच असे प्रत्यक्ष कामही पाहिले जाते. असे लहान अभ्यासक्रम विद्यार्थिसंख्येनुसार चालू-बंद होतात, तेव्हा तुम्ही अर्ज करणार त्या वर्षी प्रवेश खुले आहेत का, हे थेट विद्यापीठाला विचारून घ्या. दलालाच्या सांगण्यावर विसंबू नका.

प्रश्न: माझ्या मुलीला या विषयाचे वेड लागले आहे. परंतु आमच्या ठाण्यातील घड्याळांची दोन दुकाने गेल्या काही वर्षांत बंद झाली. लोक वेळ मोबाइलवर पाहतात. परदेशी शिक्षणाचा एवढा खर्च करून पुढे पोट भरेल का?

उत्तर: आईने हा प्रश्न विचारायलाच हवा. दुकाने का बंद झाली हे पाहिले तर उत्तराचा निम्मा भाग हाती लागतो. 1969 सालच्या डिसेंबरात जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतील स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, इलेक्ट्रॉनिक मंडल ती संख्या पंधरा वेळा निम्मी करते आणि सेकंदाला एक ठोका मिळतो. पाच-दहा हजार रुपयांच्या चावीच्या घड्याळापेक्षा शे-दोनशे रुपयांचे हे घड्याळ अधिक अचूक चालते, आणि बिघडले तर दुरुस्तीपेक्षा नवे घेणे स्वस्त पडते. स्वित्झर्लंडमध्ये या एका बदलामुळे घड्याळ उद्योगातील नोकऱ्या 1970 च्या सुमारास 90 हजारांच्या आसपास होत्या त्या 1980 च्या दशकात साधारण 30 हजारांवर आल्या. नवे लोक शिकेनासे झाले आणि एक संपूर्ण पिढी या कामात आलीच नाही. नंतर महागड्या यांत्रिक घड्याळांना पुन्हा मागणी आली, तेव्हा ती सांभाळणारी माणसे मात्र कमी पडू लागली. आज मोठ्या कंपन्या स्वतःच्या खर्चाने शाळा चालवतात त्याचे कारण हेच आहे.

तेव्हा ठाण्यातील कोपऱ्यावरच्या दुकानाचे भवितव्य आणि तुमच्या मुलीचे भवितव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेल आणि पट्टे बदलण्यावर चालणारा धंदा घटत आहे, आणि त्यासाठी परदेशी पदवी घेणे आम्हाला मुळीच शहाणपणाचे वाटत नाही. यांत्रिक घड्याळांची अधिकृत सेवाकेंद्रे, जुन्या घड्याळांचा लिलाव करणाऱ्या संस्था, संग्रहालये आणि स्वतःच्या नावाने मोजकी घड्याळे बनवणारे कारागीर, ही तिची क्षेत्रे असतील. बर्मिंगहॅमच्या रिबेका स्ट्रदर्स यांनी पतीसह स्वतःची कार्यशाळा काढली आणि घड्याळशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या ब्रिटनमधील पहिल्या घड्याळकार ठरल्या. या कामात मुलीचे भविष्य काय, असे नातेवाईक विचारतील. त्यांना हे नाव सांगा.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलतो. परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांपेक्षा बरीच जास्त असते आणि शिक्षणानंतर तिथे नोकरीसाठी थांबण्याचे नियम वारंवार बदलतात. घर किंवा शेत गहाण टाकून, तिथेच नोकरी मिळेल या एका भरवशावर, मुलीला पाठवू नका. तिला आधी सहा महिने एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे बसवा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर एका जागी बसणे आणि मोहरीहून लहान स्क्रू न सांडता उचलणे तिला चौथ्या महिन्यातही आवडत असेल, तर मात्र तिचा हट्ट गंभीरपणे घ्या.

प्रश्न: मी पुण्यात यांत्रिकी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. एम. एस. ऐवजी स्वित्झर्लंडला जाऊन घड्याळाचे उच्च शिक्षण घेण्याचा विचार आहे. ते शक्य आहे का?

उत्तर: शक्य आहे, पण आधी एक निवड करावी लागेल. घड्याळ बनवणारा कारागीर आणि घड्याळाचा अभियंता हे स्वित्झर्लंडमध्ये दोन वेगळे पेशे आहेत. कारागीर तिथे शाळेनंतर, साधारण पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, उमेदवारीच्या मार्गाने तयार होतो. जिनिव्हाची घड्याळशाळा 1824 पासून हे काम करीत आली आहे. मोठ्या वयाच्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी नूशातेल येथील वॉस्टेप ही 1966 साली स्थापन झालेली संस्था आहे. तिची प्रमाणपत्रे या व्यवसायात जगभर मानली जातात, पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे.

तुमची पदवी जिथे कामी येईल तो मार्ग सूक्ष्मतंत्राचा, म्हणजे मायक्रोइंजिनिअरिंगचा आहे. लोझानच्या ई.पी.एफ.एल. या संघीय तंत्रविद्यापीठात त्याचे पदव्युत्तर शिक्षण आहे, आणि त्याच संस्थेच्या नूशातेल येथील इन्स्टंट-लॅब या प्रयोगशाळेत एस्केपमेंटच नसलेल्या यांत्रिक घड्याळावर काम झाले आहे. सीमेपलीकडे फ्रान्समधील बेझांसों हे जुने घड्याळांचे शहर आहे आणि तिथली सूक्ष्मतंत्राची अभियांत्रिकी शाळा घड्याळविद्येच्या संशोधनातूनच वाढली. या सर्व भागाची बोली आणि कारखान्याची भाषा फ्रेंच आहे. ती आजपासून शिकायला लागा. इंग्रजीवर पदव्युत्तर वर्ग कदाचित निभावेल, कार्यशाळा निभावणार नाही.

एक सूचना अशी की तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये अचूक यंत्रकामाचे एखादे प्रशिक्षण आधी घ्यावे. मायक्रॉनमध्ये विचार करायची सवय तिथे लागते, आणि तिचा उपयोग घड्याळात जाल किंवा न जाल, दोन्हीकडे होतो.

प्रश्न: मी रत्नागिरीचा निवृत्त शिक्षक आहे. वडिलांच्या वेळचे टोल्यांचे लोलकी घड्याळ घरी बंद पडून आहे. या वयात विद्यापीठ नको, पण विषय नीट समजून घ्यावा आणि घड्याळ स्वतः चालू करावे अशी इच्छा आहे.

उत्तर: आपली इच्छा पूर्ण होण्यासारखी आहे. ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही 1858 साली स्थापन झालेली संस्था नॉटिंगहॅमशरमधील अप्टन हॉल येथे आहे आणि ती टपालाने व संगणकाद्वारे घरबसल्या अभ्यासक्रम चालवते. वयाची अट आपल्या आड येणार नाही. सुरुवात घड्याळापासूनच करता येते आणि परीक्षा न देताही आपण पहिल्या पायरीचा अभ्यास वाचू शकाल.

घड्याळाला हात लावण्यापूर्वी मात्र एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा, कारण ती आपल्या बोटांशी संबंधित आहे. टोल्यांच्या घड्याळात बहुधा दोन मोठ्या स्प्रिंगा असतात, एक चालीची आणि एक टोल्यांची. घड्याळ बंद आहे याचा अर्थ त्या सैल आहेत असा नव्हे. पूर्ण चावी भरलेली स्प्रिंग वर्षानुवर्षे तशीच ताणलेली राहते. अशा स्थितीत यंत्राच्या दोन पट्ट्यांचे स्क्रू सोडवले तर ती सगळी शक्ती एका क्षणात सुटते, चक्रांचे दात उडतात आणि हाताला गंभीर इजा होऊ शकते. चावी हातात घट्ट धरून, खिटी (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा अटकाव) बाजूला करून, थोडी थोडी शक्ती सोडत स्प्रिंग आधी पूर्ण उतरवावी लागते. हे काम पहिल्यांदा जाणकारासमोरच करावे.

कोकणातील घड्याळे बंद पडण्याची दोन नेहमीची कारणे आपण स्वतः पाहू शकता. एक म्हणजे तेल चिकट होऊन घट्ट झालेले असते आणि दमट, खाऱ्या हवेने पोलादी आसांवर गंज चढलेला असतो. वरून नवे तेल ओतल्याने घड्याळ चार दिवस चालते आणि जुन्या मळाशी मिसळलेले तेल पुढे आसांची भोके झिजवते. त्यामुळे आधी धुणे, मगच तेल, आणि तेही प्रत्येक भोकाला अगदी थेंबभर. दुसरे कारण त्याहून साधे आहे: भिंत किंवा खिळा हलल्याने घड्याळ तिरके झालेले असते. टिक आणि टक यांच्यातील अंतर कानाने ऐका. ते समान नसेल तर घड्याळाची पेटी किंचित डावी-उजवीकडे सरकवून पाहा. पुष्कळ घड्याळे एवढ्यानेच चालू होतात.

घरात अंधारात चमकणाऱ्या अंकांचे जुने गजराचे घड्याळ असेल तर त्याची काच काढू नका आणि तो रंग खरवडू नका. 1960 च्या दशकापर्यंतच्या अशा अनेक रंगांत रेडियम वापरले जात असे आणि चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही.

प्रश्न: आम्ही मराठी कुटुंब लेस्टरला राहतो. मुलाला नवी घड्याळे बनवण्यापेक्षा जुनी घड्याळे जतन करण्यात रस आहे. त्याने कुठे शिकावे, आणि शिकून भारतात काही उपयोग होईल का?

उत्तर: जतनासाठी ससेक्समधील चिचेस्टरजवळचे वेस्ट डीन कॉलेज पाहा. तिथे जुन्या घड्याळांच्या जतनाचे शिक्षण पदव्युत्तर पातळीपर्यंत मिळत आले आहे. दुरुस्ती करणारा घड्याळ चालावे म्हणून झिजलेला भाग बदलतो. जतन करणारा आधी विचारतो की हा भाग मूळ कारागिराचा आहे का, तो राखून काम भागेल का, आणि आपण केलेला बदल पुढच्या माणसाला ओळखू येईल का. प्रत्येक पायरीची नोंद आणि छायाचित्र ठेवावे लागते. कधीकधी घड्याळ न चालवता तसेच ठेवणे हाच योग्य निर्णय असतो, आणि तो घेण्यासाठी इतिहास, धातुविद्या आणि रसायनशास्त्र यांची जाण लागते. मुलगा ब्रिटनमध्येच राहत असल्याने त्याने सुट्टीत लंडनच्या सायन्स म्युझियममधील क्लॉकमेकर्स कंपनी या घड्याळकारांच्या जुन्या संघाचा संग्रह आणि ब्रिटिश म्युझियमचे घड्याळदालन पाहावे. 1631 साली सनद मिळालेल्या त्या कंपनीचा संग्रह पाहिल्यावर आपल्याला हेच करायचे आहे का हे त्याला कळेल.

भारतात उपयोग होईल का, या प्रश्नाला आमचे उत्तर ठाम होकाराचे आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या मनोऱ्यातील घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली यांनी बनवलेले आहे. मनोऱ्याचे जीर्णोद्धाराचे काम काही वर्षांपूर्वी झाले. पण महाराष्ट्रात नगरपालिकांच्या इमारती, मंडया, जुनी महाविद्यालये, चर्च आणि संस्थानिकांचे वाडे यांत बसवलेली मनोऱ्यांची घड्याळे आणखी कितीतरी आहेत. त्यांतील काही बंद आहेत, तर काहींचे मूळ यंत्र उतरवून जागी विजेवरची मोटर लावली गेली आहे, कारण दर आठवड्याला वजने वर चढवणारा आणि यंत्र समजणारा माणूस निवृत्त झाल्यावर दुसरा नेमला गेला नाही. उतरवलेले यंत्र भंगारात गेले की ते परत मिळत नाही.

या शिक्षणासाठी विद्यापीठाचे दार असणे आम्हाला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. नगरपालिकेला किंवा विश्वस्त मंडळाला अंदाजपत्रक, लेखी अहवाल आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती लागते. हाताचे कौशल्य आणि कागदावरचे ज्ञान ही दोन्ही एका माणसाकडे असल्याशिवाय अशी कामे मिळत नाहीत. आपल्या मुलाने प्रबंधासाठी महाराष्ट्रातीलच एखादे मनोऱ्याचे घड्याळ निवडावे आणि त्याच्या यंत्राची मोजमापे, आरेखने व स्थितीचा अहवाल तयार करावा, असे आम्ही सुचवतो. परवानगीसाठी संबंधित संस्थेला महाविद्यालयाच्या पत्रासह किमान सहा महिने आधी लिहावे.